दोरीतला झोळ

मिस्त्री : ...म्हणून म्हणतो वहिनी, ही तिसरी दोरी. आधीच्या दोन फेकून दिल्या. हल्ली माल म्हणून काय येतो बाजारात! कितीही ताणा, मध्ये झोळ तो झोळच.

बायको : कसला झोळ, भावोजी? मला तर चांगली सरळ दिसतेय.

मिस्त्री : तुम्हाला दिसणारच. तुम्ही ह्या भिंतीसमोर उभं राहून चहा करणार, मी ह्या भिंतीला टाइल्स लावणार. आमच्या धंद्यात केसाएवढा फरक टोचतो. काय रे पायलट, तुझं काय मत?

ड्रायव्हर : मला कशाला विचारतोस? माझा एक डोळा बंद पडलेला.

मिस्त्री : म्हणून तर विचारतो. दोरीवर नजर लावायची तर आम्हाला एक डोळा मिटावा लागतो. तुझी तेवढी मेहनत वाचलीय.

बायको : काहीतरीच हं भावोजी तुमचं!

ड्रायव्हर : हस, हस. मोठ्याने हस.

बायको : अहो, गंमत केली त्यांनी.

ड्रायव्हर : कळली मला गंमत. त्याला आणखी चहा दे, कप रिकामा झालाय त्याचा. मघाशी माझा रिकामा होता तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

मिस्त्री : बघा वहिनी! रेडिएशनला जायचो तेव्हाही हा असाच. एकाच बाकावर बसायचो दोघं. समोर फळीवर सगळ्या पेशंटांचे जाळीचे मुखवटे ओळीने ठेवलेले. माझा आणि ह्याचा शेजारी शेजारी. माझा हसरा, ह्याचा आंबट. प्लास्टिकलासुद्धा कळलं होतं कोणाचं तोंड आहे ते.

बायको : हे काहीच सांगत नाहीत हो त्या दिवसांचं.

मिस्त्री : सांगण्यासारखं काय आहे? टेबलावर झोपायचं, मुखवटा तोंडावर बसवून टेबलाला खटाखट अडकवायचा. हलायचं नाही. मशीन घुर्र करतं. झालं की उठायचं, घरी यायचं, तोंडाची चव गेली म्हणून बायकोवर ओरडायचं. दोघांची गाठ गालामागच्या पोकळीतच. ह्याची डावीकडे, माझी उजवीकडे. दोघांचीही गेली. दोन वर्षं झाली. खणखणीत आहोत.

ड्रायव्हर : तू आहेस खणखणीत.

मिस्त्री : डोळ्याचं म्हणतोस होय? ते बाबा ज्याचं त्याचं नशीब. ह्याची गाठ डोळ्याला भिडलेली वहिनी, माझी बोटभर खाली. बोटभर! डॉक्टरांनी तुम्हाला आधी सांगितलं नव्हतं?

बायको : सांगितलं होतं की. डोळ्यालाही रेडिएशन लागणार, पुढे त्रास होऊ शकतो म्हणाले. आम्ही म्हटलं, आधी जीव राहू दे. पण भावोजी, तुम्हालाही डोळे दाखवत राहायला सांगितलंय ना? दाखवता ना?

मिस्त्री : पहिलं वर्षभर गेलो. दर वेळी एकच, 'ठीक आहे, ठीक आहे'. एवढं ऐकायला अर्ध्या दिवसाचा रोज कोण बुडवतो? लख्ख दिसतंय मला.

बायको : अहो, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील.

ड्रायव्हर : लख्ख दिसतंय म्हणतोय ना तो.

मिस्त्री : ऐकलंत? पायलट बोलला, विषय संपला. निघतो मी. वरची ओळ उद्या. बायको गेलीय लेकीच्या बाळंतपणाला, जाऊन मलाच भात टाकायचाय.

बायको : इथेच जेवा की.

ड्रायव्हर : त्याला घाई आहे.

मिस्त्री : हो हो, घाई आहे मला. येतो, वहिनी.

(मिस्त्रीची स्कूटर वळणापलीकडे गेल्यावर. स्वयंपाकघरात नवरा-बायको दोघंच.)

बायको : जेवा म्हटलं तर तुमच्या पोटात का दुखलं?

ड्रायव्हर : इकडे ये. इथे उभी राहा, दाराशी. आता मधली ओळ बघ, खिडकीपासून नळापर्यंत.

बायको : बघितली.

ड्रायव्हर : सरळ आहे?

बायको : हो. म्हणजे... अगं बाई! मध्ये खाली गेलीय.

ड्रायव्हर : 'लावून घ्यायच्या तर त्यांच्याच हातून. त्यांच्यासारखा सरळ हात कोणाचा नाही.' कोण म्हणालं होतं?

बायको : तुम्ही खूश झालायत.

ड्रायव्हर : मी फक्त ओळ दाखवली.

बायको : जरा आरशात तोंड बघून या. गाडी चालवणं सुटल्यापासून पहिल्यांदा असे हसलात, आणि कशावर, तर दुसऱ्याचं काम बिघडलं त्यावर! असेल चूक. माणूस आहे. उद्या दाखवू, काढून पुन्हा लावतील.

ड्रायव्हर : पुन्हा लावली तरी वाकडीच लागणार.

बायको : म्हणजे?

ड्रायव्हर : काही नाही. भूक लागली मला.

बायको : भूक राहू दे. वाकडीच लागणार म्हणजे काय?

ड्रायव्हर : तो दोरीवर नजर लावतो तेव्हा कुठला डोळा मिटतो?

बायको : मी काय त्यांचे डोळे बघत बसते?

ड्रायव्हर : मी बसतो. गेल्या वर्षी आपली मोरी केली ना त्याने, तेव्हा डावा मिटायचा. उजव्याने बघायचा. सगळी हयात उजव्याने बघत आलाय तो, पिळदार मिशीसारखी ती सवय त्याची. ह्या वेळी पहिल्या दिवशी उजवा लावला, मान हलवली, दोरीला शिवी दिली. मग उजवा मिटून डाव्याने बघितलं. पुन्हा उजवा. पुन्हा शिवी. दोरी काढून फेकली.

बायको : मग?

ड्रायव्हर : गाठ कुठल्या बाजूला होती त्याची?

बायको : उजव्या... अहो!

ड्रायव्हर : माझ्या पांढऱ्या पट्ट्याचं आठवतं ना तुला?

बायको : न आठवायला काय झालं? रोज संध्याकाळी घरी येऊन रस्ता रंगवणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडायचात. पट्टा मध्येच वाकडा काढतात, दारू पिऊन रंगवतात म्हणून.

ड्रायव्हर : आणि पट्टा सरळच होता.

बायको : म्हणजे भावोजींच्या डोळ्यात तुमच्यासारखंच...

ड्रायव्हर : डॉक्टर नाही मी. पण दोरी चांगली आहे. त्याने फेकलेल्या दोन्ही मी उचलून बघितल्या. दोन्ही चांगल्या आहेत.

बायको : थांबा. दोन्ही कधी बघितल्यात? तुमच्या लक्षात आलं कधी?

ड्रायव्हर : पहिली फेकली तेव्हा.

बायको : पहिली! म्हणजे ते आले त्याच दिवशी. आणि आत्ता मी म्हटलं, तुम्ही सांगा त्यांना, तर तोंड वर करून म्हणता, लख्ख दिसतंय म्हणतोय ना तो?

ड्रायव्हर : हो.

बायको : का?

ड्रायव्हर : बघायचं होतं मला.

बायको : काय बघायचं होतं?

ड्रायव्हर : त्याचाही जातो का ते.

बायको : तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?

ड्रायव्हर : कळतंय. तू विचारलंस, मी सांगितलं. एकच मशीन, एकच बाक, एकच डॉक्टर. बाहेर पडलो तेव्हा दोघांची तोंडं सारखीच सोललेली. आणि आज तो शीळ घालत स्कूटरवरून येतो आणि मी डेपोत चौकशीच्या खिडकीत बसून लोकांना सांगतो, फलाट तीन, फलाट पाच. ज्या गाड्या मी चालवल्या त्या माझ्यासमोरून जातात आणि कालची पोरं हॉर्न वाजवून हात करतात. कोणी विचारतं, तुमच्याबरोबरचे ते मिस्त्री कसे आहेत? मी म्हणतो, मस्त. दर वेळी मस्त. जीभ सोलली जाते माझी.

बायको : त्यात भावोजींचा काय दोष?

ड्रायव्हर : काहीच नाही. दोष असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळा झालो असतो. बोटभर खाली गाठ, एवढंच त्याचं कर्तृत्व. आणि त्यावर तू! भावोजी बसा, भावोजी घ्या, भावोजी जेवा. मी थेंब घालून डोळे मिटून पडलेलो असतो तेव्हा तुम्हा दोघांचं हसणं ऐकू येतं मला.

बायको : अच्छा. म्हणजे ते दुखणंही आहे का.

ड्रायव्हर : मी तसलं काही म्हणत नाहीये.

बायको : म्हणा की. ऐका आता माझं. तुम्हाला काय वाटतं, ही आग तुम्हालाच लागली? त्यांची बायको भेटायची बाजारात. 'आमच्या ह्यांना आता सगळं खाता येतं. आमचे हे कामाला लागले.' मी तोंडभरून म्हणायचे, छान झालं हो, आणि घरी येऊन भांडी आपटायचे. तुम्ही विचारायचात, कोणावर रागावलीस? मी म्हणायचे, गॅसवर. मला तिचा नवरा नको होता. माझाच, पण तिच्या नवऱ्यासारखा हवा होता. कामावरून येऊन शीळ घालणारा.

ड्रायव्हर : कधी बोलली नाहीस.

बायको : बोलण्यासारखं होतं का ते? पण एक सांगते. तिच्या पदराला ठिणगी लागलेली दिसली असती ना, तर मी दात-ओठ खात का होईना, ओरडले असते. बघत बसले नसते, जळतो का म्हणून. मी फोन लावते त्यांना.

ड्रायव्हर : नको. आत्ता कळून तो काय करणार? एकटा आहे घरी. रात्रभर छताकडे बघत बसेल. उद्या येईल तेव्हा मी सांगतो.

बायको : नक्की?

ड्रायव्हर : नक्की.

बायको : दुसरा कप संपेपर्यंत तुमचं तोंड उघडलं नाही, तर मी उघडणार. आणि मग सगळंच सांगणार.

* * *

मिस्त्री : आज काय, उद्घाटन आहे की काय? दोघंही दारातच उभे. वहिनी, चौथी दोरी आणलीय. दुकानदाराला म्हटलं, हिला झोळ निघाला तर तुलाच टांगतो हिच्यावर.

बायको : बसा भावोजी आधी. चहा घ्या.

मिस्त्री : काम केल्याशिवाय चहा? काय पायलट, आज खिडकीत नाही बसायचं? लोक चुकीच्या बसमध्ये चढतील लेका.

ड्रायव्हर : मधली ओळ वाकडी लागलीय.

मिस्त्री : कुठली?

ड्रायव्हर : ती. दाराशी उभा राहून बघ.

मिस्त्री : मी बघू? ह्या हातांनी किती भिंती... वहिनी, हा शुद्धीवर आहे ना?

बायको : ओळ खाली गेलीय, भावोजी. मीही बघितली.

मिस्त्री : मग दोरीचा दोष. मी सांगतोय ना तुम्हाला पहिल्यापासून!

ड्रायव्हर : दोरी चांगली आहे. तुझा उजवा डोळा बिघडलाय. आज डोळ्याच्या दवाखान्यात जा.

मिस्त्री : काय म्हणालास?

ड्रायव्हर : ऐकलंस तू.

मिस्त्री : वा! वा रे पठ्ठ्या! दोन वर्षं वाट बघत होतास ना हे बोलायची? मला वाटायचं, सोड, आजारातून उठलाय, चिडतो बिचारा. अरे, मी गेटातून आत येतो तेव्हा तू पडद्याआडून बघतोस. मला दिसत नाही असं वाटतं तुला? माझं बरं झालेलं तुझ्या पोटात दुखतं. आजचं नाही, पहिल्यापासून दुखतं.

ड्रायव्हर : हो. दुखतं.

मिस्त्री : बघा! कबूल करतोय!

ड्रायव्हर : दुखतं म्हणूनच तर दिसलं मला. तुझ्या डोळ्यांकडे माझ्याइतकं कोणी बघत नाही. तुझी बायकोसुद्धा. तू आधी डावा मिटायचास. आता एकदा हा, एकदा तो करतोस. परवा खिळा उचलताना तुझी चिमूट शेजारी पडली. काल दोनदा उजवा डोळा चोळलास आणि खिडकीच्या काचेला म्हणालास, पुसत नाही का कोणी हिला.

बायको : काच मी सकाळीच पुसली होती, भावोजी.

मिस्त्री : तुम्हीसुद्धा ह्याच्याच बाजूने?

बायको : बाजू कसली? एकदा बघून तर घ्या. खोटं निघालं तर मी स्वतः ह्यांच्या कानाला धरून माफी मागायला लावते.

ड्रायव्हर : दे ती दोरी. चौथी. हे टोक मी धरतो, ते टोक तू धर गं. ताण. आणखी. आता तू इथे ये, मिस्त्री. डावा डोळा हाताने झाक. नुसता मिटू नको, झाक. उजव्याने दोरी बघ.

मिस्त्री : झोळ आहे. मध्ये लाट असल्यासारखी. सांगतोय ना मी!

ड्रायव्हर : आता उजवा झाक.

मिस्त्री : तुम्ही जास्त ताणलीत का आता?

बायको : नाही हो. हात हललासुद्धा नाही माझा.

मिस्त्री : पुन्हा बघतो. डावा झाकला. झोळ. उजवा झाकला... सरळ. सुतासारखी सरळ आहे.

ड्रायव्हर : दोन्ही उघडे असले की कळत नाही. चांगला डोळा दुसऱ्याचं झाकून घेतो.

मिस्त्री : गाठ परत आली का रे?

ड्रायव्हर : ते डॉक्टर बघतील. पण मला वाटतं, रेडिएशनचंच आहे हे. आतल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, डोळ्याचा पडदा सुजतो. मला तसं सांगितलं होतं. बोटभर खाली असली तरी थोडं लागतंच म्हणे डोळ्याला, आणि त्रास दोन-दोन, तीन-तीन वर्षांनी निघतो. म्हणून तर तपासत राहा म्हणतात. वेळेवर गेलं तर डोळ्यात इंजेक्शनं देतात. बऱ्याच जणांची नजर टिकते.

मिस्त्री : तुझी नाही टिकली.

ड्रायव्हर : मी पट्टा रंगवणाऱ्यांशी भांडत बसलो. पडदा पार गेल्यावर पोचलो. मग इंजेक्शनं देऊनही उपयोग झाला नाही.

मिस्त्री : मला उशीर झालाय का?

ड्रायव्हर : मला नाही माहीत.

मिस्त्री : पायलट, खरं सांग. माझा वाचला तर?

ड्रायव्हर : तर तू पुन्हा शीळ घालत येशील आणि मला पुन्हा राग येईल. येऊ दे. तू दवाखान्यात जा.

मिस्त्री : चमत्कारिक माणूस आहेस. पण बरं केलंस सांगितलंस. मी तर आणखी दहा दोऱ्या फेकल्या असत्या. तुझ्या कधी आलं लक्षात? काल ती ओळ बघून?

बायको : हो ना. काल तुम्ही गेल्यावर आम्ही दाराशी उभे राहून बघितलं, तेव्हाच ह्यांना—

ड्रायव्हर : नाही.

बायको : अहो, राहू दे ना.

ड्रायव्हर : काल नाही. तू पहिली दोरी फेकलीस तेव्हाच कळलं होतं मला.

मिस्त्री : पहिली? ती तर सोमवारी फेकली.

ड्रायव्हर : हो.

मिस्त्री : म्हणजे सोमवारपासून तुला माहीत होतं. आणि माझ्याबरोबर बसून चहा पीत होतास.

ड्रायव्हर : हो.

मिस्त्री : काल वहिनींनी विचारलं, डोळे दाखवता का. तू समोर होतास.

ड्रायव्हर : समोरच होतो.

बायको : भावोजी, काहीतरी बोला हो. शिव्या घाला, पण बोला.

मिस्त्री : वहिनी, दवाखान्यात बरोबर कोणी लागतं ना? बाहुली मोठी करायचे थेंब घालतात. मग स्कूटर चालवता येत नाही.

बायको : लागतं. हे येतील की. ह्यांना तिथलं सगळं ठाऊक आहे, कुठला मजला, कुठली खोली—

मिस्त्री : हा नको.

बायको : भावोजी...

मिस्त्री : तुम्ही या. मी खाली उभा राहतो.

ड्रायव्हर : जा तू. साडी बदल. त्याचे रेडिएशनचे सगळे कागद घेऊन जा म्हणावं, पहिल्यांदा तेच मागतात.

बायको : गेले ते खाली. बघितलंत? तुमच्याकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही त्यांनी. मी झाकत होते ना! कशाला उकरून काढलंत?

ड्रायव्हर : ऐक. आजच इंजेक्शन द्यायचं म्हणाले तर तो पळून येईल. भिंतीवर चढेल, पण सुईला भितो. बाकावर असताना रक्त द्यायची वेळ आली की माझा हात धरायचा.

बायको : मग?

ड्रायव्हर : त्याला सांग, सुई दिसत नाही. आधी थेंब घालून डोळा बधिर करतात. वर बघा म्हणतात, एका बाजूला बघा म्हणतात, आणि तेवढ्यात होऊनही जातं. थोडं दाबल्यासारखं होतं फक्त. हे बसमध्ये चढायच्या आधीच सांग. माझ्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं, मी आठवडाभर झोपलो नव्हतो.

बायको : तुम्हीच सांगा की. खालीच उभे आहेत.

ड्रायव्हर : माझ्याकडून ऐकणार नाही तो. तू सांग. माझं नाव काढू नको.

बायको : मग मला कसं माहीत म्हणून सांगू?

ड्रायव्हर : म्हण, ह्यांच्या वेळी मी आतच होते, शेजारी. डोळ्यांनी बघितलं.

बायको : मला कुठे सोडलं होतं आत? मी तर बाहेर, बाकावर बसले होते.

ड्रायव्हर : त्याला नाही ते माहीत.